अबव्हील

उत्तर फ्रान्समधील सॉम नदीकाठचे शहर. लोकसंख्या सु. २३ हजार. आम्येंच्या वायव्येस सु. ४५ किमी. आणि सॉमच्या आखातापासून साधारण २० किमी. आत वसलेले. नावाचा मूळ लॅटिन अर्थ ‘मठाधिपतीचे गाव’. जवळच्या सें-रीक्ये मठाची ही मालमत्ता होती. पुढे ते पाँत्य परगण्याची राजधानी झाले. मध्ययुगात भरतीच्या पाण्यावर गलबते येथवर येत. नदीमुख गाळाने भरत गेले, तसे बंदराचे दिवस सरले. १६६५ मध्ये फ्रान्सचा अर्थमंत्री कोलबेअर याच्या प्रोत्साहनाने व्हान रोबे या डच विणकराने येथे तलम लोकरी कापडाचा कारखाना काढला.

१ जुलै १७६६ रोजी शव्हालिये द ला बार या विशीतल्या तरुणाचा येथे शिरच्छेद झाला. धार्मिक मिरवणुकीपुढे टोपी न काढणे हा त्याच्यावरील आरोपांपैकी एक. व्हॉल्तेअरने या निकालाविरुद्ध लेखणी उचलली. क्रांतीनंतर, १७९३ मध्ये, ला बारला निर्दोष ठरवण्यात आले. तोवर फार उशीर झाला होता.

शहराचे खरे मोठेपण मात्र नदीने साठवलेल्या वाळू-गोट्यांच्या थरांत आहे. येथील जकात अधिकारी बूशे द पेर्त याला या थरांत नामशेष प्राण्यांच्या हाडांबरोबर, माणसाने घडवलेली गारगोटीची हत्यारे सापडली. म्हणजे त्या प्राण्यांच्या काळीही माणूस होता! विद्वानांनी त्याला वर्षानुवर्षे मनावर घेतले नाही. १८५८ मध्ये शिवालिक टेकड्यांतील जीवाश्मांचा अभ्यासक ह्यू फॉकनर येथे आला, संग्रह पाहून प्रभावित झाला आणि त्याने भूवैज्ञानिक प्रेस्टविच याला येथे येण्याची गळ घातली. १८५९ मध्ये प्रेस्टविच व पुरातत्त्वज्ञ इव्हान्स यांनी स्वतः थर तपासून पेर्तचे म्हणणे मान्य केले. मानवाच्या प्राचीनतेचा प्रश्न त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही. चारच वर्षांनी, १८६३ मध्ये, भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूटला मद्रासजवळ पल्लावरम येथे अश्मयुगीन हत्यार मिळाले.

२० मे १९४० च्या जर्मन बाँबवर्षावात जुने शहर बहुतांशी जळाले. पेर्तचे संग्रहालय बनलेले घरही गेले. १४८८ मध्ये सुरू झालेले सें-व्हुलफ्राँ हे गॉथिक चर्च मोठी हानी सोसून उभे राहिले. ओबडधोबड हातकुऱ्हाडींच्या आद्य परंपरेला पुरातत्त्वात या शहरावरून ‘अबव्हीली’ हे नाव पडले. गोदावरीकाठी नाशिकजवळ गंगापूर येथे मिळालेल्या हत्यारांचा अभ्यास हसमुख सांकलिया यांनी केला, त्या पिढीतील भारतीय संशोधनातही हे नाव रूढ होते. आता ते फारसे वापरत नाहीत.