स्वादुपिंड किती कापायचं?

जन्मून एक-दोन दिवस झालेलं बाळ मलूल पडतं, दूध ओढत नाही, कधी झटके येतात. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन पाहावं तर साखर 30च्या आसपास. सलाईनमधून ग्लुकोज दिलं की ती चढते, वेग कमी केला की पुन्हा घसरते. एरवी नवजात बाळाचं किलोमागे मिनिटाला 4 ते 6 मिलिग्रॅम ग्लुकोजवर भागतं. इथे काही बाळांना 15 सुद्धा पुरत नाही, कारण साखर तळाला गेली तरी स्वादुपिंड इन्सुलिन सोडतच राहतं. या आजाराला जन्मजात हायपरइन्सुलिनिझम म्हणतात.

साखर कमी पडली तर शरीर चरबीपासून कीटोन बनवतं आणि मेंदू त्यावर तग धरतो. जास्तीचं इन्सुलिन तीही वाट बंद करतं. म्हणून हा आजार मेंदूच्या मुळावर येतो आणि म्हणूनच घाई करावी लागते.

आधी डायझॉक्साइड हे औषध देऊन बघतात. ते लागू पडलं नाही की शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. माझ्या मते खरा कस कापण्यात नाही, किती कापायचं हे ठरवण्यात आहे. काही बाळांच्या संपूर्ण स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, बिघडलेल्या असतात. त्यांचं 95 टक्क्यांहून अधिक स्वादुपिंड काढावं लागतं. एवढं करूनही साखर कधीकधी आवरत नाही आणि मोठेपणी बहुतेकांना मधुमेह गाठतो. काही बाळांत मात्र बिघाड एकाच ठिकाणी असतो, अनेकदा ज्वारीच्या दाण्याएवढा. तेवढाच काढला तर मूल पूर्ण बरं होतं.

दोन्हींची लक्षणं सारखीच. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमध्ये ती जागा सहसा दिसत नाही. पण रक्ताची जनुकीय तपासणी बरंच सांगून जाते. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं असेल, तर बिघाड सहसा सगळीकडे असतो. (नात्यातल्या लग्नांमध्ये हा धोका वाढतो, मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांनी हे लक्षात ठेवावं.) ते फक्त वडिलांकडून आलं असेल, तर एकाच जागेची शक्यता बळावते. गर्भात वाढताना एखाद्या पेशीतून आईकडच्या 11व्या गुणसूत्राचा तुकडा गळतो आणि त्या पेशीच्या वंशावळीतून ती जागा तयार होते.

ती नेमकी कुठे आहे, हे फ्लुओरो-डोपा पेट स्कॅन दाखवतो. बीटा पेशी डोपा हा पदार्थ शोषून घेतात, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं असतं, म्हणून बिघडलेली जागा स्कॅनवर उजळून दिसते. या फ्लोरिनचा अर्धायुकाल (ते विरून निम्मं उरायला लागणारा वेळ) जेमतेम 110 मिनिटं असल्यामुळे हा स्कॅन सगळीकडे होत नाही. तरीही बाळाची प्रकृती प्रवासाला साथ देत असेल, तर त्यासाठी दूरच्या शहरात जाणं सार्थकी लागतं, असं मला ठामपणे वाटतं.

ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनसमोर जेमतेम 5 सेंटीमीटरचं स्वादुपिंड असतं. रोगट भाग आजूबाजूच्या निरोगी भागासारखाच दिसतो. म्हणून छोटासा तुकडा काढून गोठवतात, पॅथॉलॉजिस्ट तो तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो आणि कडा निरोगी आहेत असं त्याने सांगेपर्यंत सर्जन थांबतो. जागा स्वादुपिंडाच्या डोक्यात असली तर काम अवघड होतं, कारण पित्तनलिका तिथूनच जाते. तेव्हा डोक्याचा बराचसा भाग काढून उरलेलं स्वादुपिंड लहान आतड्याला जोडतात, म्हणजे पाचकरस आतड्यात उतरत राहतो.

घरी सोडण्याआधी बाळाला देखरेखीखाली काही तास उपाशी ठेवून साखर टिकते का, ते पाहतात. एकच जागा होती आणि ती पूर्ण निघाली असेल, तर ती टिकते. मग डायझॉक्साइड लागत नाही, इन्सुलिनची सुईही नाही.