उपनगरी बाजारपेठेचा मिश्रवापर पुनर्विकास

शहराच्या जुन्या गाभ्याबाहेर, रुंद रस्त्याच्या कडेने वाढलेली बैठी दुकाने, पत्र्याच्या शेड आणि एक-दोन मजली व्यापारी संकुले पाडून त्याच जमिनीवर दुकाने, कार्यालये व दाट घरवस्ती एकाच इमारतीत आणण्याची प्रक्रिया. साधारणपणे तळमजल्यावर दुकाने, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर दवाखाने, क्लास, बँका किंवा कार्यालये आणि त्यावर फ्लॅट अशी रचना असते. सांगलीत ही प्रक्रिया मुख्यतः सांगली-मिरज रस्ता, विश्रामबाग आणि शंभर फुटी रस्ता या पट्ट्याच्या संदर्भात समजून घ्यावी लागते.

नियोजनशास्त्रात ही कल्पना अमेरिकेतील मॉलच्या पडझडीतून पुढे आली. मिनेसोटा राज्यातील एडिना या उपनगरात १९५६ मध्ये साउथडेल हा बंदिस्त, वातानुकूलित मॉल सुरू झाला. त्याचे वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन यांना भोवती घरे, शाळा आणि दवाखाने अपेक्षित होते, प्रत्यक्षात पसरले ते मोटारींचे मैदान. पुढे तिथे अशी संकुले गरजेपेक्षा जास्त झाली आणि एकेक ओस पडू लागली. कोलोरॅडोतील लेकवूडचा व्हिला इटालिया मॉल १९६६ मध्ये उघडला आणि २००१ मध्ये बंद झाला. तो पाडून, नवे रस्ते आखून, दुकाने आणि घरे असलेली बेलमार ही वस्ती २००४ पासून उभी राहिली. तिथे हाती होती ती एकाच मालकाची, पार्किंगखाली पडून असलेली विस्तीर्ण जमीन.

सांगलीत यातले काहीच लागू पडत नाही. इथली दुकाने चालू आहेत, गिऱ्हाईक आहे आणि जमीन तुकड्यातुकड्यांत विभागलेली आहे. विश्रामबागचा परिसर सांगली आणि मिरज या दोन जुन्या गावांच्या मधोमध वाढला. १९१९ मध्ये विलिंग्डन महाविद्यालय आले, १९४७ मध्ये आज वालचंद म्हणून ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय. त्यांच्याभोवती प्राध्यापक, वकील, डॉक्टर, निवृत्त अधिकारी यांचे बंगले झाले. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली. पुढे जिल्हाधिकारी कार्यालय आणि न्यायालय विजयनगरला गेले, तसे शहराचे वजन पूर्वेकडे सरकले. बंगल्यांच्या मालकांनी रस्त्याकडच्या आवारात ओळीने गाळे काढले. पुढे दुकान, मागे अंगण आणि बंगला, हीच या भागातल्या बाजारपेठेची मूळ घडण.

विश्रामबागकडे वस्ती सरकण्याचे दुसरे कारण कृष्णा नदीचे. आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि गावभाग, गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड हा सगळा जुना व्यापारी गाभा पाण्याखाली गेला. त्याआधी २००५ मध्ये आणि नंतर २०२१ मध्येही पुराने शहराला गाठले. दुकानातला माल आणि घरातले धान्य एकाच रात्रीत भिजलेल्या कुटुंबाला उंचावरचे घर हवेसे वाटले तर नवल नाही. विश्रामबागकडच्या उंच जमिनीवर घरांची मागणी वाढण्यामागे ही भीती मोठी आहे.

दुकानावर राहणे सांगलीकरांना नवे नाही. पेठेतल्या घरात खाली पेढी, मागे कोठार आणि वर कुटुंब अशीच व्यवस्था असे. नव्या इमारतीत बदलते ते वर राहणारे कुटुंब. त्याचा खालच्या दुकानाशी काही संबंध नसतो, आणि पुढचे बरेच प्रश्न इथूनच सुरू होतात.

पुनर्विकासाला वेग देणारी आर्थिक कळ नियमांत आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही क्षेत्रे वगळून राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू झाली. व्यवहारात तिला यूडीसीपीआर म्हणतात. दाट गावठाणाबाहेरच्या निवासी जमिनीला तिने १.१ इतका मूळ एफएसआय दिला, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या १.१ पट बांधकाम. त्यावर अधिमूल्य (जादा शुल्क) भरून मिळणारा एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित होणारा बांधकामाचा हक्क) रस्त्याच्या रुंदीप्रमाणे चढत जातात. शिवाय जिना, बाल्कनी, भिंती यांच्यापोटी अनुषंगिक म्हणून निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत आणि बिगरनिवासी बांधकामाला ८० टक्क्यांपर्यंत वाढीव क्षेत्र पैसे भरून घेता येते. समजा, १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर आज ३०० चौरस मीटरचे गाळे आहेत. मूळ एफएसआय आणि ६० टक्के अनुषंगिक एवढेच धरले तरी १,७६० चौरस मीटर बांधता येते. टीडीआर त्याच्या पुढे. बिल्डर दारात येतो तो या फरकामुळे. अधिमूल्याच्या एफएसआयला आणि टीडीआरला रस्त्याच्या रुंदीची अट असल्याने आतल्या अरुंद गल्लीतल्या भूखंडाला तो लाभ मिळत नाही, म्हणून उंच इमारती मुख्य रस्त्यांना चिकटून राहतात आणि मागे बैठी वस्ती तशीच राहते. लहान भूखंड असेल तर शेजाऱ्याबरोबर एकत्रीकरण करावे लागते. भावाभावांच्या वाटण्या, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरची मृतांची नावे, कधीच न झालेली मोजणी हे सगळे तेव्हा वर येते.

या सगळ्यात सर्वांत नाजूक जागा गाळेधारकाची असते. मालकी हक्काने गाळा घेतलेला, पागडीवरचा (सुरुवातीला ठोक रक्कम देऊन जागा घेतलेला) जुना भाडेकरू आणि अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावरचा, असे तीन प्रकारचे लोक एकाच ओळीत शटर उघडून बसलेले असतात. पहिल्याच्या हाती खरेदीखत किंवा १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचा दस्त असतो. दुसऱ्याला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याच कायद्याने पागडीच्या व्यवहारालाही मान्यता दिली आहे. तिसऱ्याच्या हाती मुदत संपली की काहीच उरत नाही, मग त्याने त्या जागेवर वीस वर्षे धंदा उभा केलेला असला तरी. इमारत सहकारी गृहनिर्माण संस्थेची असेल तर ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. वर फ्लॅट आणि खाली मोजके गाळे असलेल्या संस्थेत ही ५१ टक्के मते गाळेधारकांना वगळूनही जमतात, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

वाटाघाटी चौरस फुटांत होतात आणि तिथेच दुकानदार फसतो. घरासाठी क्षेत्रफळ हे बऱ्यापैकी न्याय्य माप आहे. दुकानाची किंमत मात्र दर्शनी रुंदीत असते: शटर किती फुटांचे, कोपरा आहे का, रस्त्यावरून पाटी दिसते का, गिऱ्हाईक दुचाकीवरून न उतरता माल मागू शकते का. दहा फूट दर्शनी आणि पंधरा फूट खोल असलेल्या किराणा दुकानाला बदल्यात सात फूट रुंद आणि पंचवीस फूट खोल गाळा मिळाला, तर कागदावर त्याचे क्षेत्र वाढलेले असते आणि धंदा घटलेला असतो. पहिल्या मजल्यावर दीडपट जागा देऊ केली तरी भाजी, औषधे, स्टेशनरी विकणाऱ्यासाठी ती निरुपयोगी आहे. म्हणून गाळ्याची दर्शनी रुंदी, जोत्याची उंची आणि नकाशावरचे नेमके स्थान नोंदणीकृत करारात लिहून घेणे अत्यावश्यक आहे. महारेराकडील, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडील, नोंदणी मुख्यतः नव्या खरेदीदाराच्या हिताची आहे. जुन्या गाळेधारकाचा खरा आधार त्याचा स्वतःचा करार.

बांधकामाची वर्षे हा दुसरा घाव. फ्लॅटधारक भाडे घेऊन दुसरीकडे राहतो आणि परत येतो. दुकानदार परत येईपर्यंत त्याचे गिऱ्हाईक दुसरीकडे बसलेले असते, आणि भरपाईच्या भाड्यात ते मोजलेले नसते. भूखंड मोठा असेल तर अर्धी ओळ आधी पाडून, ती बांधून झाल्यावर उरलेली पाडणे हाच सभ्य मार्ग आहे. त्याने खर्च वाढतो, पण बाजारपेठ जिवंत राहते. ओळीपुढे बसणाऱ्या चहावाल्या, भाजीवाल्या, चप्पल शिवणाऱ्यांचा तर करारात उल्लेखही नसतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या सर्वेक्षणाची आणि जागेची जबाबदारी महापालिका व नगर पथविक्रेता समितीवर टाकली आहे. बांधकाम परवानगी देताना ती पाळली जावी, ही मागणी रास्त आहे.

तळमजल्यावर दुसरा दावा पार्किंगचा असतो. फ्लॅट वाढले की नियमाप्रमाणे गाड्यांची जागा वाढवावी लागते. तळघर खणावे तर विश्रामबागच्या आसपास बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते, पाया खोल न्यावा लागतो आणि पावसाळ्यात तळघरात पंप लावावा लागतो. मग बिल्डर सोपी वाट धरतो: तळमजला खांबांवर मोकळा सोडून तिथे गाड्या लावतो आणि दुकाने मोजकी ठेवतो. रस्त्याकडेच्या दुकानांची सलग ओळ तिथे तुटते आणि संध्याकाळी त्या पट्ट्यात कुणी थांबत नाही. मिश्रवापराच्या नावाखाली उभी राहिलेली अशी इमारत प्रत्यक्षात निव्वळ निवासीच असते. गाड्या मागच्या बाजूला किंवा वरच्या मजल्यावर नेऊन रस्त्याकडचा भाग दुकानांसाठी राखणे शक्य आहे, पण त्यासाठी मंजुरीच्या टप्प्यावरच महापालिकेने आग्रह धरला पाहिजे.

नदीजवळच्या भागात पूररेषेचे बंधन येते. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्यामुळे तिथे जोते उंच घ्यावे लागते आणि दुकानाला पायऱ्या येतात. शामरावनगरसारख्या सखल भागात नदी न चढताही पावसाचे पाणी साचते. एका बंगल्याच्या जागी वीस कुटुंबे आली की सांडपाणीही त्या प्रमाणात वाढते. शेरीनाल्यातून कृष्णेत जाणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न या शहराने अनेक वर्षे सोसला आहे, त्यामुळे ड्रेनेजची क्षमता तपासल्याविना वाढीव मजले देणे धोक्याचे ठरते.

इमारत पूर्ण झाल्यावर देखभाल खर्चावरून वाद होतात. लिफ्ट दुकानदार वापरत नाही, गिऱ्हाइकांच्या गाड्या मात्र आवारात लागतात. हॉटेलच्या भट्टीचा धूर वरच्या गॅलरीत जातो. रहिवाशांसाठी स्वतंत्र जिना व प्रवेश, पाण्याचे व विजेचे वेगळे मीटर, धुराड्यासाठी गच्चीपर्यंतची नळी आणि देखभालीचे दोन वेगळे दर या बाबी नकाशात आणि दस्तात सुरुवातीलाच ठरवाव्या लागतात. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) मिळाल्यानंतर त्या बदलणे जवळजवळ अशक्य असते.