नव्याने जुळवलेल्या संगणकातील दोषशोधन

सुटे भाग घेऊन जोडलेला संगणक पहिल्यांदा सुरू करताना किंवा त्यात ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना काही अडले, तर ते नेमके कुठे अडले हे हुडकून काढण्याची रीत म्हणजे दोषशोधन. जुन्या संगणकाच्या दुरुस्तीपेक्षा हे काम वेगळे आहे. जुन्या यंत्राबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक असते : ते काल चालत होते. नव्या यंत्रातले भाग एकमेकांबरोबर कधीच चाललेले नसतात, त्यामुळे कशावरच भिस्त ठेवता येत नाही. तरीही भाग खराब निघाला हा संशय सर्वांत शेवटी घ्यावा. अर्धवट बसलेली रॅम, लावायची राहिलेली वायर, भलत्याच पोर्टला जोडलेली मॉनिटरची केबल यांनीच बहुतेक नवे संगणक अडतात.

मुंबईत हा विषय निघाला की लॅमिंग्टन रोड येतोच. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनच्या नावाचा हा रस्ता आज कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण भाग आणायला निघालेला माणूस ‘लॅमिंग्टनला जाऊन येतो’ असेच सांगतो. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला थोडे चालले की संगणकाच्या दुकानांची रांग लागते. तिथे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डला नुसते ‘बोर्ड’ म्हणतात, वीजपुरवठ्याच्या डब्याला ‘एसएमपीएस’, आणि विंडोज ‘टाकायची’ असते. यंत्राची तक्रार बहुधा तीन शब्दांत संपते : डिस्प्ले येत नाही. दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे ‘दुकानात चालत होता, घरी नेला आणि बंद’. दुकानदाराला बोल लावण्याआधी मधला प्रवास आठवावा. तयार कॅबिनेट लोकलच्या मालडब्यात धक्के खात विरारपर्यंत जाते. किलोभर वजनाचे ग्राफिक्स कार्ड आत एका स्लॉटवर आणि दोन स्क्रूंवर तोललेले असते. ते किंचित सरकले तरी यंत्र अडते. घरी पोचल्यावर बटण दाबण्याआधी बाजूचे झाकण उघडून कार्ड आणि रॅम पुन्हा दाबून बसवावी. शक्य असेल तर कार्ड त्याच्या खोक्यातूनच वेगळे न्यावे.

सुरूच न होणे

बटण दाबल्यावर पंखासुद्धा हलत नसेल, तर एक तर वीज बोर्डापर्यंत पोचत नाही किंवा बटणाचा इशारा पोचत नाही. एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच बंद राहणे ही चूक जाणत्यांकडूनही होते. बोर्डाला विजेच्या दोन जोडण्या लागतात : २४ पिनांची मोठी आणि प्रोसेसरसाठीची ८ पिनांची. ही दुसरी वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या आड असते, म्हणून राहून जाते. बटणाच्या बारीक वायरींचा संशय आला तर त्या काढून बोर्डावरच्या ‘पॉवर स्विच’ लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. पंखे फिरू लागले तर दोष कॅबिनेटच्या बटणात. तरीही हालचाल नसेल तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा आणि फक्त प्रोसेसर, कूलर व रॅमची एक पट्टी एवढ्यावर चालवून पाहावा. टेबलावर चालणारा बोर्ड कॅबिनेटमध्ये मरत असेल, तर त्याच्या पाठीला कुठेतरी धातू टेकतो आहे. बहुतेकदा चुकीच्या भोकात राहिलेला पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारा खिळा. इथून पुढे एकेक भाग वाढवत जायचे. एका वेळी एकच बदल हा नियम कंटाळवाणा आहे, पण दोन गोष्टी एकदम बदलून यंत्र चालू झाले तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

पंखे फिरतात, पडदा काळा

चालू होताच बोर्ड स्वतःची तपासणी करतो. तिला पोस्ट म्हणतात. ती कुठे अडली हे बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिव्यांवरून समजते : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क). जो दिवा लागून राहतो तिथे लक्ष द्यायचे. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, बोर्डाला नव्हे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ आहे त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, त्यामुळे कार्डाशिवाय चित्र येणारच नाही. प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल तर बोर्डाची बायॉस, म्हणजे त्यातला मूळ प्रोग्रॅम, त्याला ओळखत नाही. अशा वेळी फ्लॅशबॅक बटण असलेल्या बोर्डावर पेनड्राइव्हमधून, प्रोसेसर न चालताही, बायॉस बदलता येते.

सर्वांत जास्त घोळ रॅमचा असतो. चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड तिच्याशी वेळेचे गणित जुळवत बसतो. त्याला काही मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. नवखा माणूस दुसऱ्याच मिनिटाला वीज बंद करतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. इथे पंधरा मिनिटे काहीही न करता थांबणे हाच उपाय आहे.

खोडरबराचा उपाय इथल्या प्रत्येक कारागिराला माहीत असतो. रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर मऊ पांढरा खोडरबर एकाच दिशेने फिरवायचा, चुरा ब्रशने झाडायचा आणि पट्टी परत ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत दाबायची. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत काही वर्षे राहिलेल्या रॅमवर काळपट थर चढतो आणि तिथे या उपायाने गुण येतो. नव्या पट्टीवर असा थर नसतोच. तिला जो गुण येतो तो काढून नीट बसवल्याचा असतो, रबराचा नसतो. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. नवी रॅम घासू नये.

अर्थिंग

जुन्या चाळी-इमारतींतल्या घरांत एक अनुभव सर्रास येतो. कॅबिनेटच्या धातूला हात लागला की बोटांना मुंग्या येतात, पाय उघडे असतील तर जास्तच. टेस्टर टेकवला तर त्यातला दिवा मंद उजळतो. मग एसएमपीएस बदलला जातो आणि मुंग्या तशाच राहतात. कारण ते यंत्र बिघडलेलेच नसते. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे फिल्टर असते. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोघांनाही कॅबिनेटच्या धातूशी जोडतात. प्लगची तिसरी पिन खरोखर जमिनीपर्यंत पोचत असेल तर तिथून झिरपणारा किंचित प्रवाह वाहून जातो. सॉकेटमध्ये अर्थची वायरच नसेल तर कॅबिनेट मध्येच लोंबकळते, २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर. प्रवाह एका मिलिअँपिअरच्याही आत असल्याने तो जिवावर बेतत नाही, पण चालू यंत्राला केबल लावताना पोर्ट जळू शकतो आणि पुढे खरोखर फेज कॅबिनेटच्या धातूला लागली तर वाचवायला कोणी नसते.

मल्टिमीटरने हे सहज कळते. फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून देणारे वायरमन भेटतात. मुंग्या थांबतात, पण न्यूट्रल कुठे तुटली तर पूर्ण फेज कॅबिनेटवर येते. हा जुगाड कोणी सुचवला तर ठामपणे नाही म्हणावे आणि घराच्या मुख्य वीजबोर्डापासून अर्थची वेगळी वायर ओढून घ्यावी. नव्या संगणकावर हजारो रुपये घालणाऱ्यांनी हा खर्च टाळू नये, असे या नोंदीत आग्रहाने सांगायचे आहे.

विंडोज टाकताना

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि सिक्युअर बूटची (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारी) सोय लागते. नव्या बोर्डांत टीपीएम असतेच, फक्त बायॉसमध्ये ते इंटेलच्या बाजूला पीटीटी आणि एएमडीच्या बाजूला एफटीपीएम या नावाने दडलेले असते. इंटेलच्या काही यंत्रांत विंडोजच्या सेटअपला एसएसडी, म्हणजे साठवणीची डिस्क, दिसतच नाही. बायॉसमध्ये मात्र ती हजर असते. तेव्हा एसएसडी परत करायला धावू नये. डिस्क हाताळणारी व्हीएमडी ही इंटेलची सोय चालू असल्याने असे होते; ती बंद करावी किंवा तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हमधून द्यावा.

चालू संगणक मधेच निळा पडदा दाखवू लागला तर आधी बायॉसमधले रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करून रॅम तिच्या मूळ वेगावर आणावी आणि रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवावा. एकही चूक निघाली तरी रॅमवर विसंबू नये. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसले की लोक एसएमपीएसला दोषी धरतात. ती नोंद केवळ एवढेच सांगते की यंत्र रीतसर बंद न होता थांबले. दोष विंडोजचा की भागांचा हे ठरवायला उबुंटू या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पेनड्राइव्ह उपयोगी पडतो : काही इन्स्टॉल न करता त्यावरून तास-दोन तास काम करावे. तिथेही यंत्र लटकले तर विंडोज पुन्हा टाकून काही होणार नाही. मिनिटा-दोन मिनिटांत बंद पडणाऱ्या यंत्राचा कूलर काढून तळाची पारदर्शक फिल्म सोलली होती का, ते पाहावे.

परत देण्याची वेळ

भाग खराबच निघाला तर दुकानाची टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची आहे ते बिलावर पाहावे. ती संपली की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची पायरी. बोर्डाच्या बाबतीत तिथला माणूस सर्वांत आधी प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या केसाएवढ्या पिना पाहतो. एक जरी वाकलेली असेल तर वॉरंटी सहसा नाकारली जाते. म्हणून बोर्ड घेताना काउंटरवरच झाकण उघडून पिनांचा फोटो काढावा, आणि सॉकेटवरची प्लास्टिकची टोपी खोक्यात जपून ठेवावी. बोर्ड परत पाठवताना ती लावूनच द्यावी लागते.