वीस किलोंची खेप

रॉकेलचा एक जेरीकॅन. सियाचिनच्या सर्वांत उंच चौक्यांकडे निघालेलं ‘चीता’ हेलिकॉप्टर एका खेपेत कधी कधी एवढंच नेऊ शकतं, वीस-पंचवीस किलो. बाकी दोन पायलट आणि मोजून घेतलेलं इंधन. लेहच्या ११४ हेलिकॉप्टर युनिटला हवाई दलात ‘सियाचिन पायोनियर्स’ म्हणतात. या युनिटचं मोठेपण मला या वीस किलोंतच दिसतं.

समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो भरतं. ६,००० मीटर उंचीवर तेवढ्याच जागेत उरते जेमतेम ६६० ग्रॅम हवा. हेलिकॉप्टर तरंगतं ते पात्यांनी हवा खाली ढकलून, आणि इथे ढकलायला हवाच निम्मी. मग पाती जोरात फिरवावीत? तेही जमत नाही, कारण पात्याच्या टोकाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या जवळ जाऊ लागला की अवरोध एकदम वाढतो, आणि कडाक्याच्या थंडीत ध्वनीचा वेगही कमी असतो. हातात उरतो पात्यांचा कोन. तो वाढवला की उचल मिळते, पण इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. त्या इंजिनालाही श्वास घ्यायला तीच विरळ हवा.

चीता या कोंडीतून वाट काढतं ते त्याच्या जन्मकथेमुळे. भारताला उंच डोंगरांसाठी हेलिकॉप्टर हवं होतं, म्हणून फ्रेंचांनी आपल्या अलूएत-२ या हेलिकॉप्टरच्या हलक्या सांगाड्यावर थोरल्या अलूएत-३ चं इंजिन आणि पंखा चढवला. त्याचं नाव ‘लामा’. हिंदुस्तान एअरोनॉटिक्सने तेच ‘चीता’ म्हणून बांधलं. त्याचं आर्तूस्त इंजिन ८७० अश्वशक्तीचं आहे, पण वापरायची परवानगी फक्त ५५० ची. कमी उंचीवर ही जास्तीची शक्ती वाया जाते असं वाटेल. प्रत्यक्षात ती उंचीसाठी राखून ठेवलेली शिल्लक असते. हवा विरळ होत जाते तशी ती खर्ची पडते आणि बऱ्याच उंचीपर्यंत पायलटला ५५० अश्वशक्ती मिळत राहते. १९६९ मध्ये हिमालयातल्या चाचण्यांत एक लामा ७,५०० मीटरवर उतरून पुन्हा उडालं होतं. १९७२ मध्ये फ्रेंच चाचणी-वैमानिक ज्याँ बूले यांनी फ्रान्समध्ये ते १२,४४२ मीटरपर्यंत नेलं. तिथे इंजिन विझलं, आणि नुसत्या वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांच्या आधाराने ते सुखरूप खाली आले.

सियाचिन हिमनदीवर हवाई दलाचं चेतक हेलिकॉप्टर पहिल्यांदा उतरलं ते ऑक्टोबर १९७८ मध्ये. मग १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचिन ताब्यात घेण्याची लष्करी मोहीम, ‘ऑपरेशन मेघदूत’, सुरू झाली. त्या सकाळी कॅप्टन संजय कुलकर्णी यांच्या, ४ कुमाऊँ या पलटणीतल्या तुकडीला चीतांनी बिलाफोंड ला या खिंडीपाशी उतरवलं. माणसं तीसच्या आसपास, पण एका खेपेत फार तर दोघं-तिघं, म्हणून खेपांमागून खेपा कराव्या लागल्या. तेव्हापासून हे काम थांबलेलं नाही.

शक्य तेवढी उड्डाणं सकाळीच उरकतात. दुपारी वारा आणि ढग वाढतात हे एक कारण. दुसरं हवेचं. दाब तोच असेल तर उणे २० अंशांची हवा शून्य अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के जड असते. एकेक किलो मोजणाऱ्याला हे ८ टक्के फार मोलाचे. वर पोचल्यावर इंजिन बंद करत नाहीत, कारण त्या थंडीत आणि विरळ हवेत ते पुन्हा सुरू होईलच याचा भरवसा नसतो. पंखा फिरत असतानाच सामान उतरतं.

परतीच्या खेपेत अनेकदा आजारी जवान असतो. उंचीमुळे फुप्फुसांत पाणी साचलं तर ऑक्सिजन आणि औषधं तात्पुरता आधार देतात, खरा उपाय म्हणजे त्याला लवकर खाली आणणं. कॅन उतरलेला असतो, येतानाचं इंधन जळलेलं असतं, आणि त्या मोकळ्या झालेल्या वजनात एक माणूस बसवायचा असतो. जागच्या जागी सरळ वर उठण्याइतका जोर नसला तरी पायलट हेलिकॉप्टर जरासं उचलतो आणि कड्यावरून पुढे दरीत झोकून देतो. खाली जाता जाता वेग मिळतो, पंख्याखाली सतत नवी, न ढवळलेली हवा येते, आणि तेवढ्याच शक्तीत पाती जास्त वजन पेलू लागतात. मग ते दरीतूनच लेहची वाट धरतं.