ठिसूळ हाडांचे औषध, मांडीचे फ्रॅक्चर आणि जनुकांचा माग

फ्रॅक्चर टाळण्यासाठी दिलेल्या औषधानेच मांडीचे हाड मोडते, हे डॉक्टरांच्या पचनी पडायला वेळ लागला. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या विकारासाठी अलेंड्रोनेट या औषधाला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. बिसफॉस्फोनेट गटातले हे औषध हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते. त्याने मणक्याची आणि खुब्याची फ्रॅक्चर कमी होतात, याबद्दल आजही वाद नाही. पण जुने हाड काढून नवे भरण्याचे काम मंदावले की रोजच्या वापरात पडणाऱ्या सूक्ष्म भेगाही बुजायच्या राहतात. २००५ मध्ये अमेरिकेतून हे औषध घेताना हाड मोडलेल्या नऊ रुग्णांची नोंद आली, २००७ मध्ये सिंगापूरहून आणखी काहींची.

मांडीचे हे फ्रॅक्चर वेगळेच दिसते. खुब्याच्या खाली, मांडीच्या भक्कम दांड्यात, बाहेरच्या बाजूने भेग सुरू होते आणि खडू मोडावा तशी आडवी जाते. जोराने पडायचीही गरज नसते. आधी काही आठवडे, कधी काही महिने, मांडी किंवा जांघ दुखत असते आणि पुष्कळदा दुसऱ्या पायातही तशीच सुरुवात झालेली सापडते. २०१० मध्ये अमेरिकन हाडतज्ज्ञांच्या संघटनेने त्याची व्याख्या ठरवली आणि त्याच वर्षी तिथल्या औषध नियामकाने औषधांच्या माहितीपत्रकात इशारा घालायला लावला.

मग खरा प्रश्न पुढे आला. हे औषध लाखो लोक घेतात, मग मोजक्यांचेच हाड का मोडते? कॅलिफोर्नियातल्या १,९६,१२९ महिलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशी फ्रॅक्चर फक्त २७७ निघाली. हा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. औषध जितकी वर्षे घेतले तितका धोका वाढत होता, पण आशियाई वंशाच्या महिलांमध्ये तो गोऱ्या महिलांच्या जवळजवळ पाचपट होता. मांडीच्या हाडाचा बाक हे त्याचे एक संभाव्य कारण मानतात. मला ते अपुरे वाटते, कारण घराण्यातून येणाऱ्या खुणा त्याआधीच दिसू लागल्या होत्या.

त्यातली सर्वांत बोलकी नोंद २०१७ मध्ये स्पेनमधून आली. तीन सख्ख्या बहिणी, तिघीही बिसफॉस्फोनेटवर, तिघींनाही हेच फ्रॅक्चर. त्यांच्या जनुकांत इतर दुर्मिळ बदलांबरोबर ‘जीजीपीएस१’ या जनुकातला एक बदल सापडला. पेशीतल्या ज्या रासायनिक साखळीत बिसफॉस्फोनेट अडथळा आणते, त्याच साखळीतला पुढचा एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, हे जनुक बनवते. बहिणींमध्ये तो एन्झाइम मुळातच फार दुबळा होता आणि औषधाने त्याच वाटेवर आणखी एक अडसर घातला.

सगळ्या रुग्णांत मात्र हा बदल नसतो. स्वीडनमध्ये संपूर्ण जनुकसंच चाळूनही भरवसा ठेवावा असा एकही सर्रास आढळणारा बदल हाती लागला नाही. बहुधा प्रत्येक घरात वेगळे दुर्मिळ बदल असावेत. म्हणूनच औषध सुरू करण्याआधी करता येईल अशी जनुकतपासणी अजून नाही.

अपवाद हाडे कमकुवत करणाऱ्या हायपोफॉस्फेटेशियाचा. ‘एएलपीएल’ जनुकातल्या दोषामुळे होणारा हा विकार असलेल्या प्रौढ व्यक्तीला बिसफॉस्फोनेटवर असताना असे फ्रॅक्चर झाल्याची नोंद २०१२ मध्येच झाली होती. त्याची चाहूल साध्या रक्ततपासणीतही लागते, कारण त्यात अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमचे प्रमाण कायम कमी असते. रिपोर्टमध्ये हा आकडा वाढलेला असला की सगळे थबकतात, कमी असला तर नजर सहज पुढे सरकते.