पार्श्वभूमी : बंदीचे महिने, रिकामा रकाना आणि दोन भाषा

डेटा सायन्स, म्हणजे आकड्यांमधून अर्थ काढण्याचं शास्त्र, शिकायला सुरुवात करणारी कोकणातली मुलं हमखास विचारतात, पायथन शिकू की आर? संगणकाला सूचना देण्याच्या या दोन भाषांचा स्वभाव कळायला मासळीचा एक साधा तक्ता पुरेसा आहे.

समजा, एखाद्या बंदरावर उतरलेल्या बांगड्याचं महिनावार वजन नोंदवलं आहे. जून-जुलैत पावसाळी मासेमारी बंदी असते, नौका शाकारून किनाऱ्यावर ठेवलेल्या असतात. तक्त्यात ते दोन महिने रिकामे. समुद्रात बांगडा होताच, धरायला कुणी गेलं नाही. मग तिथे शून्य लिहायचं की जागा रिकामी ठेवायची?

नोंदींची अशी काळजी या किनाऱ्याला नवी नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी 1840च्या दशकापासून होत होत्या. शहरात विजेची ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा तिच्या विद्युतप्रवाहामुळे ही मोजमापं बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा निवडली ती अलिबागची, आणि लोखंड टाळून तिथे इमारती उभ्या केल्या. 1904 ते 1906 या काळात कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन्हींतला फरक नेमका कळला, त्यामुळे जागा बदलूनही मालिका तुटली नाही. ट्राम विजेवर धावली 1907मध्ये, म्हणजे हे सगळं आधीच उरकलं होतं. 1859च्या प्रचंड सौरवादळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही कुलाब्याच्या नोंदींकडे वळतात. मशीन लर्निंगच्या, म्हणजे जुन्या नोंदींवरून संगणकाला अंदाज बांधायला शिकवण्याच्या, प्रत्येक वर्गात मूस यांचं हे काम आधी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मासळीची मोजणी त्याहून अवघड, कारण प्रत्येक होडीचा माल तोलणं अशक्य. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पानसे आणि शास्त्री यांच्यासह 1958 साली भारतातल्या सागरी मासळीचा अंदाज नमुना पाहणीतून कसा काढावा, यावर निबंध लिहिला. बंदरं निवडायची, दिवस निवडायचे आणि तेवढ्यावरून एकूण आकडा काढायचा.

अशाच आकड्यांशी रोज झुंजणाऱ्यांच्या हातून आर घडली. तिची आई म्हणजे एस ही भाषा, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत 1976च्या सुमारास जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आर लिहायला घेतली. 1995मध्ये ती मुक्त परवान्याखाली आली, आणि 29 फेब्रुवारी 2000 रोजी तिची 1.0.0 आवृत्ती. संख्याशास्त्रज्ञांना नोंद नसणं ही रोजचीच गोष्ट, म्हणून 'एनए' (नॉट अव्हेलेबल, म्हणजे नोंद उपलब्ध नाही) हे चिन्ह आरच्या गाभ्यातच आहे. आपल्या तक्त्याची वार्षिक सरासरी विचारा, आर उत्तर देते : एनए. रिकामे महिने वगळायचे असतील तर तसं स्पष्ट लिहून द्यावं लागतं.

पायथनचा जन्म वेगळ्या घरातला. गीडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅममध्ये 1989च्या डिसेंबरात ती लिहायला घेतली आणि 1991मध्ये प्रसिद्ध केली, ती सर्वसाधारण कामांसाठी. आकड्यांची सोय मागाहून, जोड-संचांच्या (लायब्रऱ्यांच्या) रूपात आली : 1995चं न्यूमेरिक, त्यातून 2006चं नमपाय, आणि तक्ते हाताळण्यासाठी 2008पासून वेस मॅकिनी यांनी घडवलेलं पांडाज. पांडाजने रिकाम्या जागेसाठी दशांश संख्यांमधलं 'एनएएन' (नॉट अ नंबर, म्हणजे संख्याच नाही) हे चिन्ह वापरलं. त्याचा परिणाम आजही दिसतो. पूर्णांकांच्या रकान्यात एक जागा रिकामी राहिली की 12चे 12.0 होतात. सरासरी विचारली, तर पांडाज रिकाम्या जागा गुपचूप वगळून दहा महिन्यांची सरासरी हातात ठेवतं. नोंद नसल्याचं स्वतंत्र चिन्ह त्यात आलं ते 2020च्या जानेवारीत, 1.0 आवृत्तीत, तेही प्रायोगिक म्हणून. माझ्या मते इथे आरची सवय जास्त प्रामाणिक आहे.

तरीही मशीन लर्निंगची गर्दी पायथनकडे वळली, कारण सायकिट-लर्न हा मशीन लर्निंगच्या तयार पद्धतींचा पायथनमधला संच. 2007च्या गूगल समर ऑफ कोड या विद्यार्थ्यांसाठीच्या उपक्रमात डेव्हिड कूर्नापो यांनी त्याची सुरुवात केली, आणि 2010मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या चमूने त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती काढली. त्यातली साधी रेषीय प्रतिगमनाची (आकड्यांमधून सरळ रेषा बसवून अंदाज काढण्याची) पद्धत रिकामी जागा दिसताच थांबते आणि चूक दाखवते. घाईत असलेला विद्यार्थी मग एका ओळीत सगळीकडे शून्य भरतो, आणि जूनमध्ये समुद्र ओस पडतो असंच मॉडेल शिकतं. त्याऐवजी 'बंदी' नावाचा वेगळा रकाना करावा, बंदीच्या महिन्यांत तिथे 1 लिहावा आणि मासळीचा अंदाज फक्त उरलेल्या महिन्यांवर बांधावा. बंदीच्या तारखा शासन दरवर्षी जाहीर करतं. वादळामुळे नौका न गेलेले दिवस मात्र बंदरावर चौकशी करूनच भरावे लागतात.