जुनी रायफल गोळ्या विखुरते तेव्हा

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात 15 नोव्हेंबरला बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो. त्याआधी सरावाच्या मैदानांवर हातबदल झालेल्या जुन्या रायफली दिसू लागतात, आणि तक्रारी ऐकू येतात: गोळ्या एका जागी लागत नाहीत. पहिला संशय नळीवर. ‘झिजली असेल!’ हा आरोप बहुधा घाईचा. शिकारीची रायफल वर्षाकाठी मोजक्याच गोळ्या झाडते. तिची नळी झिजायच्या कितीतरी आधी तिचे स्क्रू सैल होतात.

म्हणून रायफल रिकामी असल्याची खात्री करायची आणि आधी स्क्रू बघायचे, दुर्बिणीच्या बैठकीचेही आणि नळी ज्यात बसते त्या लाकडी दस्त्याचेही. दुर्बिणीचे दोन टेकू 15 सेंटिमीटर अंतरावर असतील आणि त्यातला एक केवळ 0.1 मिलिमीटर सरकला, तर 100 मीटरवर नेम जवळपास 7 सेंटिमीटरने चुकतो.

स्क्रू घट्ट आहेत, तरी पहिली गोळी ठीक आणि नळी तापू लागली की पुढच्या एकाच दिशेला सरकतात? मग लाकडाकडे बघा. बार उडताच नळी थरथरते, आणि गोळी साधारण एक-दीड मिलिसेकंदात त्या थरथरत्या नळीतूनच बाहेर पडते. थरथर दरवेळी सारखी असेल तर काहीच बिघडत नाही. पण दमट हवेत फुगलेला, वाकलेला दस्ता नळीला एका बाजूने टेकला, की नळी तापेल तसा तो दाब बदलतो आणि थरथरही. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवली की ती कुठे अडते ते कळतं. मात्र लगेच कानस घेऊन बसू नये. काही कारखाने दस्त्याच्या टोकाशी मुद्दाम दाब ठेवतात.

आता नळीचं तोंड. .30-06 काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे 880 मीटर वेगाने निघते आणि नळीतला पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या चऱ्या, 25.4 सेंटिमीटरला एक फेरा असतो. म्हणजे मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे. अशा भोवऱ्याला सुटताना एका बाजूने जरासा धक्का बसला तरी तो डुगडुगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रँकलिन मॅन या अमेरिकन डॉक्टरने गोळ्या मुद्दाम बिघडवून झाडून पाहिल्या. टोक बोथट केल्याने फारसं बिघडलं नाही, बूड तिरकं झालं की गोळी भरकटली. नळीच्या तोंडाला खाच असेल तर मागून रेटणारा वायू बुडाच्या एकाच बाजूने आधी निसटतो. ही खाच बऱ्याचदा तोंडाकडून सफाईची सळई घालणाऱ्या आधीच्या मालकाची देणगी असते. बंदूक-कारागीर तोंड नव्याने कातून देतो.

हे सगळं करताना फसवतात त्या पारखायला झाडलेल्या तीनच गोळ्या. तीन गोळ्यांचा पसारा, म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर, सरासरी 3 सेंटिमीटर असेल, तर त्याच रायफलच्या दहा गोळ्यांचा पसारा सरासरी 4.7 सेंटिमीटर भरतो. रायफल बिघडलेली नसते, गणितच तसं आहे. तेव्हा काडतूस एकाच जातीचं, नळी निवू देत दहा गोळ्या, आणि एका वेळी एकच बदल.